डावखुरं आकाश

ठिपकेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लोकांच्या छतांवर चांदण्यांचे ठिपके देते म्हणून कुणीतरी कधीतरी चेष्टेने म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. तिला ते मुळीच आवडायचं नाही. तरी आपल्या छोट्या गाडीच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने ठसठशीत अक्षरांत तेच रंगवलं होतं. नाव आवडणं वेगळं आणि धंद्याला नाव असणं वेगळं, एवढं तिला कळत होतं.

काम तिचं असं, की दिवसा बघाल तर छत कोरं पांढरं. रात्री दिवा मालवला की छत जणू उडून जायचं आणि वर गच्च भरलेलं आकाश. उजेड पिऊन घेणारा आणि अंधारात परत देणारा रंग बाजारात कुणालाही मिळतो, त्यात जादू काही नाही. पण लोक तो घरी आणून मनाला येईल तसा शिंपडतात आणि छताला गोवर आल्यासारखं दिसतं. ठिपकेबाईच्या छतावर तारा जिथे असतो तिथेच असायचा. "एक तारा इकडचा तिकडे झालेला दाखवा," ती गिऱ्हाइकाला सांगायची, "उद्यापासून भाजी विकायला बसते." दाखवायला कोण येणार होतं? अकरा वर्षांत कुणी आलं नव्हतं.

या हुबेहूबपणाचं सगळं श्रेय तिच्या खाक्याला. खाका म्हणजे जाड खाकी कागदाचा भलामोठा ताव. पुस्तकातला ताऱ्यांचा नकाशा तिने चौकट चौकट मोजून त्यावर उतरवला होता आणि एकेका ताऱ्याला सुईने भोक पाडलं होतं. ठळक ताऱ्याला दाभण, मधल्याला जाड सुई, बारक्याला साधी. कागद छताला लावायचा, खालून निळीची पुरचुंडी थोपटत जायचं, भोकांतून छतावर निळे ठिपके उमटतात. मग एकेका ठिपक्यावर रंगाचं बोट आणि शेवटी नीळ झटकून टाकायची. आता सुई कागदातून जिकडे बाहेर पडते ती बाजू खरखरीत होते. पहिल्याच कामात तिने ती खरखरीत बाजू छताला लावली होती आणि ताज्या रंगावर असे ओरखडे उठले होते की घरमालकाने तिची बिनपाण्याने केली. त्या दिवसापासून कागदाची गुळगुळीत बाजू छताला. एकदा पोळलेली बाई ती, पुन्हा काय चुकणार!

दातांच्या डॉक्टरीणबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या दवाखान्याचं छत ठिपकेबाईनेच केलेलं. घाबरलेलं मूल खुर्चीत बसलं की डॉक्टरीणबाई क्षणभर दिवे मालवायच्या, मूल आ वासून वर बघायचं आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा आरसा तोंडात. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आ वासलेल्या माणसाला तक्रार करता येत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

या खेपेला मात्र डॉक्टरीणबाईंनी तिला घरी बोलावलं आणि मागच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं.

"ताई, हे माझ्या बाबांसाठी आहे," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं पाव भाजले त्यांनी. अख्खं गाव त्यांना भट्टीकाका म्हणतं. रात्री दोनला उठून भट्टी पेटवायची, म्हणून संध्याकाळी लवकर गच्चीवर जाऊन आडवं व्हायचं. घड्याळ कधी लावलंच नाही. तारे बघून उठायचे. आता भट्टी बंद होऊन सहा वर्षं झाली, पण झोपणं गच्चीवरच. छत असलं की डोळा लागत नाही म्हणतात. गेल्या महिन्यात जिन्यावरून पडले. सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते, ताई. चार तास."

ठिपकेबाईने डॉक्टरीणबाईंच्या दंडावर हात ठेवला.

"इथे या म्हणून मी हातापाया पडले. शेवटी कबूल झाले, पण अटीवर. तीन रात्री. तीन रात्रींत झोप लागली तर राहीन, नाहीतर चौथ्या दिवशी सकाळी परत, आणि मग तू जन्मात हा विषय काढायचा नाहीस. शब्दाचे पक्के आहेत हो. गेले तर गेले. मग मी रोज रात्री फोन वाजेल म्हणून उशाशी धरून बसणार. मला नाही जमणार ते."

"तीन रात्री कशाला?" ठिपकेबाई म्हणाली. "पहिल्याच रात्री घोरतील. उत्तर कुठल्या भिंतीला येते तेवढं सांगा."

हिचा आत्मविश्वास असा, की एखाद्याने तो पायलीने मापून घ्यावा. चार दिवसांत तिने छत पूर्ण केलं. तिच्याकडे दोन घोडे होते. घोडा म्हणजे रंगाऱ्याची चार पायांची उंच शिडी. दोन घोडे समोरासमोर उभे करायचे, वर फळी टाकायची आणि फळीवर उताणं पडून काम करायचं. त्यातला एक घोडा जुना, चढता-उतरताना असा किंचाळायचा की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघत. पण हात बसलेला, म्हणून तिने तो बदलला नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी भट्टीकाका आले. शहात्तरचे, शिडशिडीत, हाताच्या पंजांवर जुन्या भाजल्याच्या खुणा, काठी टेकत. बरोबर एक हातपिशवी.

"बाबा, तुमची वळकटी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती गच्चीवरच्या खोलीत बांधून ठेवलीय. तीन दिवसांसाठी कोण वाहून आणतं ती!"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. मऊ गादी त्यांना मानवत नव्हती, तरी आपली वळकटी आणलेली नाही, म्हणजे पाहुणा परतीचं तिकीट दाखवत आला होता.

खोलीत नेऊन त्यांना पलंगावर निजवलं. पलंग गच्चीवरच्यासारखाच मांडला होता, पाय उत्तरेला. पडदे ओढले, दिवा मालवला. ठिपकेबाई भिंतीला टेकून उभी राहिली. हा क्षण तिला फार आवडायचा. गिऱ्हाईक आधी गप्प होतं आणि मग त्याच्या तोंडून "अरे वा" निघतं. तेवढ्यासाठी मानेचे हाल सोसायचे.

भट्टीकाका गप्प झाले. मग अंधारात हसू फुटलं. साधं हसू नव्हे, पलंग हलेपर्यंत.

"अगं, हे कुणी केलं? हे डावखुऱ्याचं फावडं झालं!"

"काय झालं, काका?" ठिपकेबाईचा आवाज जरा चढला.

"ते सप्तर्षी ना? आम्ही त्याला फावडं म्हणतो. भट्टीतून पाव ओढायचं लांब दांड्याचं फावडं असतं ना, डिट्टो तसं. या दिवसांत दिवेलागणीनंतर ते असं पायांकडे वर चढलेलं असतं आणि त्याचा दांडा माझ्या उजव्या हाताला. पन्नास वर्षं उजव्या हाताला! तुम्ही डावीकडे नेलात. सगळंच नेलंत. पूर्वेचं पश्चिमेला, पश्चिमेचं पूर्वेला."

"काका, मी पुस्तकावरून केलंय."

"मग पुस्तक पालथं धरलं असेल."

"बाबा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आणि चिमणी तर नाहीच," म्हाताऱ्याने पुढे रेटलं. "दांड्याच्या मधल्या ताऱ्याला खेटून एक बारका तारा असतो. नीट डोळे लावले तरच दिसतो. तो कुठाय?"

यावर डॉक्टरीणबाई एकदम गप्प बसल्या. ठिपकेबाईचं लक्षच नव्हतं तिकडे. तिच्या कानशिलांत रक्त चढलं होतं. आजवर तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि हा पाव भाजणारा माणूस तिला तारे शिकवणार? नाचता येईना अंगण वाकडं, झोप येत नाही तर छत उलटं! ती तरातरा जिना उतरून खाली आवारात गेली, दिवा नसलेला कोपरा शोधला, उत्तरेकडे तोंड केलं आणि मान वर केली.

खरं सांगायचं तर आकाशाकडे असं नीट बघून तिला कित्येक वर्षं झाली होती. दिवसभर छताखाली उताणं पडणारी बाई रात्री कशाला वर बघते? जेवली की पालथी पडून झोपायची.

सात तारे होते. चौकोन डावीकडे. दांडा उजवीकडे.

तिने डोळे चोळले, परत बघितलं. मग दोन्ही हातांनी हवेत कागद धरल्यासारखं केलं आणि तो छताला लावल्यासारखं केलं. गुळगुळीत बाजू वर. ज्या बाजूवर तारे उतरवले ती बाजू छताला, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसते ती कागदाची पाठ! ओरखडे नकोत म्हणून केलेली हुशारी. अकरा वर्षं. दीडशेच्या वर छतं. सगळी उलटी, आणि त्यांच्याखाली निजणाऱ्या एकाही माणसाला, एकालाही, पत्ता नाही. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ठिपकेबाईचं एक होतं. चूक कळली की ती तोंड लपवणाऱ्यातली नव्हती. सरळ वर गेली, दिवा लावला आणि पलंगासमोर उभी राहिली.

"काका, तुमचं बरोबर. माझं चुकलं. आजचं नाही, अकरा वर्षांचं चुकलं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून बघितलं. "खाली जाऊन बघून आलात?"

"आले."

"हं," तो म्हणाला. "बघून आलात हे बरं केलंत." आणि कुशीवर वळला. त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

घरी गेल्यावर ठिपकेबाईने काय करावं? तो अकरा वर्षांचा खाका भिंतीवरून ओढला आणि टराटरा फाडला. फाडून तुकडे केले, तुकडे चुरगाळले, चुरगाळून कचऱ्यात कोंबले. नवरा दारात उभा राहून बघत होता आणि शहाणा असल्यामुळे काही बोलला नाही. सकाळी चहा पिताना मात्र त्याने हळूच विचारलं, "कागद नुसता उलटा लावून नसतं का भागलं? खरखरीत बाजू पॉलिश पेपरने घासून?"

ठिपकेबाईने कप खाली ठेवला. रागाच्या भरात तिला हे सुचलंच नव्हतं. नवा खाका टोचायला आठ दिवस तरी हवेत, आणि हातात उरल्या होत्या दोन रात्री. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

"सुचलं होतं मला," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन निघाली.

दुसरा दिवस जुने तारे बुजवण्यात गेला. पांढऱ्याचे दोन हात. भट्टीकाका खुर्ची ओढून दारात बसले होते, डोळे लाल, आणि प्रत्येक ब्रशाबरोबर एक शेरा. रंगाच्या वासाने त्या रात्री खोलीत निजणं शक्य नव्हतं. ते बाहेर सोफ्यावर पडून राहिले. पहाटे डॉक्टरीणबाई उठून बघतात तर म्हातारा खिडकीशी उभा, बाहेर समोरच्या इमारतीची भिंत, आणि तो त्या भिंतीच्या वर मान ताणून बघतोय.

तिसऱ्या दिवशी ठिपकेबाई आली तेव्हा हातपिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

"ताई, आता काही नको," डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "उद्या सकाळची गाडी बघायला सांगितलीय त्यांनी. तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ."

"उद्या सकाळ उद्या आहे, डॉक्टर. आजची रात्र माझी आहे अजून. तुम्ही दवाखान्यात जा, लोकांचे दात दुखतायत."

आणि ती भट्टीकाकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, खाका मी फाडला. पुस्तक नाही, कागद नाही. तुमचं आकाश तुम्हाला पाठ आहे की नुसत्याच गप्पा?"

म्हातारा ताठ झाला. "पाठ म्हणजे? झोपेत सांगीन."

"मग सांगा. तुम्ही पलंगावर पडायचं, मी वर. तुम्ही बोट दाखवाल तिथे मी ठिपका देईन. चुकला तर तुमचा चुकला, मी फक्त हात."

ही युक्ती तिला जिन्यावर सुचली होती, पण तोंडावर असा भाव की जणू रोजची पद्धत. पडदे गच्च ओढले. पलंगाच्या दोन बाजूंना दोन घोडे उभे केले आणि पलंगावरून आडवी फळी टाकली. काम पुढे सरकेल तशी फळी पायांकडून उशाकडे नाहीतर उशाकडून पायांकडे न्यायची. भट्टीकाकांच्या हातात तिने एक टॉर्च दिला, पुढे जाड कागदाची नळी लावून, म्हणजे उजेडाचा ठिपका बोटाएवढाच पडावा. जुना घोडा किंचाळला, ठिपकेबाई वर चढली.

"उंटावर मी आणि शेळ्या हाकणार तुम्ही," ती वरून म्हणाली. "करा सुरुवात."

उजेडाचा ठिपका छतावर इकडेतिकडे फिरला, थरथरला आणि एका जागी थांबला.

"हा ध्रुव. बोटभर खाली घ्या. हां. हा एकदा ठोकला की बाकी सगळे त्याच्याभोवती फिरतात. फार ठळक करू नका, लोकांना उगीच वाटतं तो मोठा आहे."

पहिला तास नुसत्या गोंधळात गेला. मग दोघांना लय सापडली. पायांशी ध्रुव ठोकून झाल्यावर डोक्याकडच्या बाजूपासून सुरू करून ते पायांकडे सरकत गेले. टॉर्च थांबायचा, ठिपकेबाई रंग टेकवायची, टॉर्चच्या उजेडाने रंग जागा व्हायचा आणि टॉर्च पुढे गेला की मागे तारा राहायचा. म्हाताऱ्याला पुस्तकातली नावं थोडी माहीत होती, बाकी सगळी घरची. एक 'पीठ सांडलं' होतं, एक 'करपलेला' होता, लालसर. एका जागी तीन तारे ओळीत होते त्यांना 'उधारीवाले' नाव होतं, कारण दर संध्याकाळी एकत्र यायचे.

डाव्या कोपऱ्यात पोचल्यावर टॉर्च विझला.

"तिथे नको काही."

"का? तिथे तारे नसतात?"

"असतील. मला काय माहीत? तिथे शेजाऱ्याची पाण्याची टाकी आहे. फावडं त्या टाकीआड गेलं की मी उठायचो, या दिवसांत. कोपरा कोरा ठेवा."

"काका, टाकी तिकडे गावाला राहिली. इथे मोकळं आकाश मिळतंय तर घ्या की."

"मी कधी न बघितलेले तारे बघत बसलो तर झोपणार कधी? कोरा ठेव म्हणतो ना, पोरी!"

तुम्ही जाऊन तू झालं होतं, पण दोघांच्याही ते ध्यानात आलं नाही. ठिपकेबाईने हातभर जागा कोरी ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने छताचा एक तुकडा मुद्दाम रिकामा सोडला. मनातल्या मनात तिला कबूल करावं लागलं, की त्या काळ्या कोपऱ्यामुळे बाकीचं छत जास्त खरं दिसायला लागलं होतं.

"मग बाकीच्या घरांचं काय करणार?" जरा वेळाने खालून आवाज आला. "ती सगळी डावखुरी आहेत ना?"

"एकेकाला फोन करून सांगणार. म्हणतील त्याचं परत करून देणार."

"खुळी आहेस का? कुणाला कळलंय?"

"मला कळलंय ना."

म्हातारा हसला, पण या वेळी पलंग हलला नाही. "माझा बाप असाच होता," तो म्हणाला. "पाव कच्चा राहिला तर गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन परत आणायचा. खाल्लेला असला तरी माफी मागून यायचा."

दुपार कलली. पायांकडची बाजू तेवढी राहिली होती, सप्तर्षींची. ठिपकेबाईने फळी पार पायांशी आणली, आता ती बरोबर म्हाताऱ्याच्या पायांवर छताजवळ लोंबत होती. चौकोनाचे चार तारे झाले. म्हाताऱ्याचा आवाज जड येत होता. दोन रात्री जागलेला माणूस तो, पण सांगताना एकही ठिपका चुकत नव्हता.

"आता दांडा. उजवीकडे. उजवीकडे गं, अकरा वर्षांची सवय आवर." टॉर्च सरकला. "हा पहिला. आता मधला, जरा वर."

"हा?"

"हाच. आता त्याला खेटून... अगदी खेटून... आमची पोर लहान असताना गच्चीवरच झोपायची, माझ्या कुशीला चिकटून. भट्टी पेटवायला उठलो की माझा सदरा तिच्या मुठीत. तेव्हा तिला सांगितलं, की तो दांड्यातला तारा मी आणि मला चिकटलेली ती तू, चिमणी. मी खाली भट्टीवर असलो की वर बघायचं, दोघं आहेत की नाही..."

टॉर्चचा ठिपका मधल्या ताऱ्याशेजारी थांबला होता. तो हळूहळू घसरला, भिंतीवरून उतरला आणि पलंगावर पडला.

"काका?" ठिपकेबाईने विचारलं. "अगदी खेटून म्हणजे किती?"

खालून उत्तर आलं ते घोरण्याचं.

ठिपकेबाई ब्रश हातात धरून तशीच थिजली. तिने श्वाससुद्धा जपून घेतला. चिमणी कुठे द्यायची ते आता तिला कळलं होतं. नुसता ब्रश टेकवायचा अवकाश. पण ती जागा तिने ठरवायची नव्हती, ते बापलेकीचं होतं. ब्रश तिने अलगद डबीत ठेवला. आता खाली उतरावं म्हणून पाय घोड्यावर टाकला, तर तो मेला अर्धं किंचाळला. घोरणं अडखळलं. तिने विजेसारखा पाय वर ओढला. नवीन घोडा होता पलंगापलीकडे भिंतीला चिकटून, तिथून उतरायचं तर थेट म्हाताऱ्याच्या पायांवर. म्हणजे आता ही बाई फळीवरच. छताला नाक लावून.

ती तशीच उताणी पडून राहिली. नाकाशी तारे, खाली घोरणं. पायाला मुंग्या आल्या, मग पाय असल्याचंच कळेना. आपण केलेल्या आकाशाखाली अकरा वर्षांत ती स्वतः एकदाही अशी निवांत पडली नव्हती. बरं दिसत होतं. छे, बरं कसलं, झकास दिसत होतं! झकासला झकास म्हणायला तिला कधीच लाज वाटली नव्हती, आणि आज तर ते सरळही होतं.

साडेपाचला दार हळूच उघडलं. डॉक्टरीणबाई दवाखान्यातून लवकर आल्या होत्या, खांद्याला पर्स, हातात फोन, गाडीचं विचारायलाच आल्या असाव्यात. "बाबा, उद्याची..." एवढं बोलल्या आणि थांबल्या. फळीवरून ठिपकेबाईचा हात खाली आला आणि त्या हाताने 'चूप' अशी खूण केली.

डॉक्टरीणबाईंनी पलंगाकडे पाहिलं. बाबा तोंड उघडं टाकून झोपले होते, टॉर्च छातीवर. मग त्यांनी वर पाहिलं. खाटेवरच्या माणसाचं उजवं कुठलं ते त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं करून बघितलं, दांड्याच्या मधल्या ताऱ्यापर्यंत नजर नेली आणि त्याच्या शेजारची रिकामी जागा बघितली. त्या तिथेच, दारात, जमिनीवर बसल्या. पर्स मांडीत घेऊन तोंडावर हात धरून रडल्या. आवाज न करता, पण अगदी मनसोक्त.

भट्टीकाकांना जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते. त्यांनी टॉर्च चाचपला.

"कुठवर आलो होतो आपण?"

"दांड्याच्या मधल्या ताऱ्यापर्यंत," छतातून उत्तर आलं.

"मग थांबलीस कशाला?"

"तुम्ही झोपलात, काका. चांगले अडीच तास."

"कोण झोपलं? डोळे मिटून आठवत होतो मी."

"घोरत घोरत आठवत होता?"

दाराशी कुणीतरी नाक ओढत हसलं. म्हाताऱ्याने मान वळवून मुलीकडे पाहिलं, मग वर पाहिलं, मग परत तिच्याकडे. 

"चिमणी राहिली म्हणजे," तो शेवटी म्हणाला.

"हो, बाबा. राहिली."

"राहू दे. ती कुठे पळून जातेय? उद्या लावू, आज या बाईचे हात भरून आले असतील." त्याने उठून बसत पाठीला हात लावला आणि तोंड वाकडं केलं. "आणि तिकडे कुणाला तरी फोन कर. गच्चीवरच्या खोलीत माझी वळकटी बांधून ठेवलीय, ती मागवून घे. तुझ्या या मऊ गादीवर माणूस रोज झोपेल काय?"

"आणते, फोन आणते," म्हणत डॉक्टरीणबाई बाहेर पळाल्या. फोन त्यांच्या हातातच होता.